कोतवाल आप्पांचा अर्ज

पहिल्याच ओळीत माफी मागून घेतो. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिला, आणि आजवर उत्तरपत्रिका आणि गावातल्या लोकांचे अर्ज याशिवाय काही लिहिलेलं नाही. आप्पांवर लिहायला माझ्याहून जाणता माणूस हवा होता. पण आप्पांचा तो अर्ज माझ्या अक्षरात आहे, आणि त्याचं पुढं काय झालं हे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. म्हणून हे धाडस.

आप्पा आमच्या गावचे कोतवाल होते, आणि आमचे शेजारीही. दवंडी द्यायची, नोटिसा पोचवायच्या, साहेब आले की खुर्ची पुसायची, हे त्यांचं काम. इतकी वर्षं दवंडी दिल्यामुळं त्यांना साधं बोलणं जमत नाही. कालवण अळणी झालं तर ते ताट पुढं सरकवून म्हणतात, "शेवंताबाईंना कळवण्यात येतं की कालवणात मीठ पडल्यालं न्हाय. तरी याची नोंद घ्यावी."

शेवंताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपासूनच म्हणतात, "घेतली नोंद. मीठ डब्यात हाय. उठून घ्या."

दुसरी गोष्ट म्हणजे आप्पांचा तोंडी बातमीवर विश्वास नाही. कुणी काहीही सांगितलं की ते विचारतात, "लेखी हाय का?" एकदा मीच पळत जाऊन सांगितलं, "आप्पा, तुमची म्हैस सुटली." ते म्हणाले, "लेखी हाय का?" तेवढ्या वेळात म्हशीनं आमची मेथी संपवली.

याला कारण आहे. आमचं गाव उमरगा तालुक्याच्या टोकाला, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. तेव्हा घरांची यादी लागली, त्यात आप्पांचं नाव नव्हतं. आप्पा टेबलापुढं उभे राहून म्हणाले, "साहेब, म्या जिता हाय." साहेब म्हणाले, "असाल. लेखी आणा." ते लेखी आणेपर्यंत आप्पा आणि काकू पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. पुढं आप्पा कोतवाल झाले आणि तोच प्रश्न गावाला विचारू लागले.

मग टाळेबंदी आली. आमच्या गावाचा ओढा ओलांडला की कर्नाटक. आदेश आला, हद्द बंद. आप्पांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, मध्ये बैलगाडीचं जू आडवं लावलं आणि बाजूला खुर्ची टाकून वही घेऊन बसले. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन सोलापूरच्या वसतिगृहातून दुधाच्या टेम्पोत बसून गावी आलो होतो. बाहेरून कुठूनही आलेल्याला आधी याच नाक्यावर नोंद करावी लागे. मला पाळण्यात जोजवलेल्या या माणसानं मला विचारलं, "नाव?" मी सांगितलं. "बापाचं नाव?" तेही सांगितलं. शेजारी माझे वडीलच उभे होते. मला चौदा दिवस शाळेत ठेवलं. आई रोज खिडकीत डबा ठेवायची आणि आप्पा काठीनं अंतर मोजायचे.

आदेशांचं एक नवल होतं. दुकान सकाळी दोनच तास उघडं ठेवायचं, म्हणजे गर्दी होणार नाही. त्यामुळं दिवसभर तुरळक येणारं गाव दोन तासांत एकाच दुकानापुढं लोटलं. आप्पा भोंग्यातून ओरडत, "समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं की गर्दी करू नये." गर्दीतून उत्तर येई, "मग दुकान दिसभर उघडा की!" आप्पा म्हणत, "लेखी हाय का?"

हद्दीचंही तसंच झालं. निम्म्या गावाच्या सोयरिकी ओढ्यापलीकडं. रस्ता बंद झाल्यावर लोक शेजारच्या उसातून ये-जा करू लागले. दिवसभर आप्पांच्या नाक्यावर एक माणूस येत नसे, आणि उसात मात्र नवी पायवाट पडली. असाच एकजण पलीकडच्या साखरपुड्याहून उसातून आला. त्याला ताप होता. पण ताप सांगायचा तर ऊस सांगावा लागतो, आणि ऊस सांगितला तर केस होते. तो आठ दिवस गप्प राहिला. तोवर ती अख्खी गल्ली खोकत होती.

त्या दिवशी आप्पा माझ्याकडं आले. "तहसीलदार साहेबांना अर्ज लिही. पाणी अडवलं की बांध फोडतंय. पाट काढून दिला तर आपण म्हणू तिकडनं जातंय. तरी रस्ता उघडावा. म्या नावं लिवून घेतो, ताप बघतो, शाळेत ठेवतो. चोरून येणारा दिसत न्हाय, साहेब."

मी लिहिलं. आप्पांनी कागदावर बोट ठेवलं. मग दुसरीकडं बघत म्हणाले, "खाली अजून एक कलम घाल. अर्जदाराची बायको पलीकडं अडकल्याली हाय. तिला यायला परवानगी मिळावी."

काकू लेकीच्या बाळंतपणाला पलीकडं गेल्या होत्या आणि नेमक्या तेव्हाच हद्द बंद झाली. बाळ झालं, बारसं झालं, हद्द उघडायचा वरचा आदेश काही आला नाही. गाव म्हणायचं, "आप्पा, उसातनं आणा की काकूला." आप्पा म्हणत, "कोतवालाची बायको उसातनं येती व्हय?"

रोज पाच वाजता आप्पा ओढ्याकाठी जायचे. पलीकडच्या काठावर काकू येऊन उभ्या राहायच्या. फोन दोघांकडं होता. पण आप्पा म्हणत, "फोनात माणूस दिसत न्हाय." मग ते पंचायतीचा भोंगा तोंडाला लावायचे. "शेवंताबाईंना कळवण्यात येतं की आज अर्जदारानं भाकरी केली. ती करपली. तरी काळजी नसावी."

काकूंकडं भोंगा नव्हता, गरजही नव्हती. "तवा लई तापवू नगा!"

सगळं गाव ऐकायचं. हसायचंही. पण पाच वाजता हातातलं काम थांबवून ऐकायचं.

एक दिवस भोंगा वाजला नाही. आप्पांना ताप आला होता आणि त्यांनी वहीत स्वतःचं नाव लिहून स्वतःला शाळेत ठेवून घेतलं होतं. काकूंना कळवायचं नाही अशी गावाला ताकीद होती. दुसऱ्या दिवशीही भोंगा वाजला नाही. तिसऱ्या दिवशी काकू घोट्याएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडून, उसातून आल्या आणि पदराला उसाचं पाचट चिकटलेलं, तशाच शाळेच्या दारात उभ्या राहिल्या. मी डबा घेऊन आलो होतो, म्हणून हे माझ्यासमोर घडलं.

आप्पा उठून बसले. आवाज उरला नव्हता, तरी विचारलंच, "लेखी हाय का?"

"हाय की," काकू म्हणाल्या. "लग्नपत्रिका. पेटीत ठिवली हाय. तुमच्या नावाशेजारी माझं नाव छापलंय."

आप्पांनी काठीनं व्हरांडा दाखवला. मग म्हणाले, "सहा फूट लांब बस."

काकू व्हरांड्यात सहा फुटांवर चौदा दिवस बसल्या. तिथंच तीन दगडांची चूल मांडली. आप्पा बरे झाले. पुढं मी ती वही पाहिली. काकूंचं नाव आप्पांनी लिहिलं होतं, तारीखही होती. 'कोठून व कोणत्या मार्गे' हा रकाना तेवढा कोरा होता. अख्ख्या वहीत तो एकच.

रोग ओसरला, बाभळी जळणाला गेल्या, आप्पा निवृत्त झाले, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आलो. पण आप्पा मधूनच विचारायचे, "अर्जाचं काय आलं का रे?" काकू घरात वावरत असायच्या, आणि आप्पांच्या लेखी त्यांचं येणं अजून विचाराधीन होतं.

गेल्या महिन्यात पोस्टमननं पत्र आणलं. आप्पांचा चष्मा फुटला होता, म्हणून मी त्यांच्या कानाशी वाचलं. संदर्भीय अर्जातील दोन्ही मागण्या नियमात बसत नसल्याने अमान्य करण्यात येत आहेत. अर्जदाराच्या पत्नीस हद्दीत प्रवेश देता येणार नाही.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"कुणाचं पत्र हाय?"

"सरकारचं," आप्पा म्हणाले.

"काय म्हणतंय सरकार?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं.

"मंजूर केलंय म्हणतंय," आप्पा म्हणाले. "तुला गावात यायला परवानगी हाय."

काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "लेखी हाय का?"

"हाय की."

आप्पांनी कागद पुढं धरला. काकूंना वाचता येत नाही. त्यांनी गोल शिक्का नीट पाहिला, हात पदराला पुसले आणि कागद लग्नपत्रिकेच्या पेटीत ठेवून दिला.