पाठमोरा नवरदेव

मुलगी बघायला जायचं म्हणून वीरधवलनं इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून शूटिंगला नेला, आणि नेमकी तीच पिशवी ड्रेसवाल्यांच्या गाडीतून साताऱ्याला निघून गेली. मागं उरला अंगातला अंगरखा, डोक्यावरचं पागोटं, मानेवर रुळणारे खोटे केस, कमरेची तलवार आणि जीप घेऊन आलेला भाऊसोमामा.

"आता असाच चल. म्हसवडची मानसं वाट बघत्यात."

"मामा, लोक हसतील की!"

"हसूंदे. तिशी उलटली तुजी. हे स्थळ गेलं तर जलमभर घोड्याचंच त्वांड बघत बस."

त्याचा धंदाच तसा होता. 'परतलेला स्वार' या मालिकेचा नायक म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी धुक्यात शिरलेला जासूद. तो बाहेर पडतो तो थेट आजच्या जगात, आणि भुताखेतांच्या भानगडी सोडवत हिंडतो. पण नायकाचं काम करणाऱ्या देखण्या गड्याला घोड्याची भीती! म्हणून घोड्यावर बसायची वेळ आली, की तिथं रहिमतपूरचा वीरधवल. दिग्दर्शकाची ताकीद एकच, काही झालं तरी मागं वळून बघायचं नाही. उभ्या महाराष्ट्रानं त्याची पाठ बघितली होती, तोंड कुणीच नाही. 'पोरगा घोड्यावरनं पाठ दाखवतो' म्हटल्यावर आलेली स्थळं परत जात. म्हसवडच्या या साक्षीचा फोटो मात्र त्यानं फोनवर इतक्यांदा बघितला होता, की ही पोरगी हुकली तर आपलं काही खरं नाही, असं त्याला वाटायला लागलं होतं.

मामानं म्हसवडला आधीच सांगून ठेवलं होतं, "मालिकेतला स्वार म्हंजी आमचाच भाचा." त्यामुळे साक्षीची आजी रंगूबाई नवं लुगडं नेसून दारातच बसली होती. तिनं चष्मा लावून पाहुण्याला न्याहाळलं आणि कपाळावर हात मारला.

"ह्यो न्हवं त्यो! त्यो गोरापान हाय. सोंग घिऊन फसवाय आलाय ह्यो!"

साक्षीचे वडील कोंडीबा यांचा चेहरा उतरला. "भाऊसो, खोटं बोलनाऱ्या घरात आमी पोरगी देत न्हाई."

वीरधवल काही बोलणार, तोच मामा ओरडला, "वीरा, पाठ फिरव!"

तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"आगं बया, ह्योच की!" रंगूबाई उठूनच उभी राहिली. "डावा खांदा बघा, जरा वर हाय. रोज बघती मी!"

मग काय, अख्खी गल्ली घरात. पाठीसोबत फोटो निघायला लागले. "हलू नगा पावनं," म्हणत पोरंबाळं पाठीला टेकून उभी राहिली.

रंगूबाईनं पाठीलाच विचारलं, "त्या हिरीतली बाई भूत हाय का जित्ती?"

"आजी, मला खरंच ठावं न्हाई. मला नुसतं पळ म्हनत्यात."

"बगा! गुपित फोडत न्हाई. पोटात गोष्ट ऱ्हाती ह्येच्या!"

एवढ्यात बांगड्या वाजल्या, पोह्यांचा वास आला. साक्षी आली होती. वीरधवल वळायला गेला, तर मामानं खांदा दाबला. "वळू नगंस लेका, जमत आलंय!" बशी खांद्यावरून पुढं आली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत त्यानं पोहे खाल्ले. बशी रिकामी होईस्तोवर कोंडीबांनी "पसंत" म्हणून सुपारीसुद्धा फोडली. सगळे एकमेकांना साखर भरवत होते, आणि नवरदेवानं अजून नवरी बघितली नव्हती.

जीपकडं जाताना त्याला फार वाईट वाटत होतं. लग्नसुद्धा पाठीचंच जमलं होतं. आपलं काय?

"आवं," मागून आवाज आला. "मी ती मालिका बघत न्हाई. जरा त्वांड दाखवा की."

वीरधवल गर्रकन वळला. साक्षी दारात उभी होती, फोटोपेक्षा कितीतरी छान. तिनं त्याला पागोट्यापासून जोड्यांपर्यंत नीट बघून घेतलं.

आतून रंगूबाईनं हाक दिली, "कसा हाय गं म्होरनं?"

"चालंल!" साक्षी म्हणाली आणि हसत आत पळाली.

जीप सुटली. दिग्दर्शकाची ताकीद विसरून वीरधवल म्हसवडची वेस ओलांडेपर्यंत मागं वळून वळून बघत होता.