केबल (कायम)

बोलायला दोघे लागतात. अबोल्याला एकही पुरतो, आणि दोघांनी मनावर घेतले तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. १९९१ साली एका पत्र्याच्या कारखान्यात हे यंत्रांनीही सिद्ध केले.

त्या वर्षी जाडी मोजणारे नवे गेज आले. त्याचे आकडे केबलमधून थेट शेजारच्या खोलीतल्या संगणकात जाणार होते. तोवर हे काम आकडेबाई करत: पत्रा धरायचा, आकडा वाचायचा, पलीकडे जाऊन टाइप करायचा. बाई रोजंदारीवर. केबल चालली की घरी बसायचे, असे त्यांना तोंडी कळवले होते. (लेखी कळवण्याइतक्या त्या कायम नव्हत्या.)

केबल लागली. पडदा कोरा.

चौकशीत आढळले, की गेज विचारल्याशिवाय बोलणार नाही असे लावले होते, आणि संगणक न विचारता नुसता ऐकत बसेल असा. कुठलीही एक बाजू बदलली की झाले. पण गेज थोरल्या साहेबांचे, संगणक धाकट्यांचा, आणि दोघे साहेब सख्खे साडू. एका लग्नातल्या मानपानापासून बोलणे बंद.

“बाई, त्यांना सांगा, आमचं गेज आगाऊ नाही. विचारलं तर सांगेल.”

“त्यांना म्हणावं, आमचा संगणक कुणाच्या दारात जात नसतो!”

“सांगते हं,” म्हणून बाई निघत, आणि जाता जाता आकडाही टाइप करून येत. पडद्यावर आकडे दिसू लागले. दोष दूर झाल्याचे दोन्ही विभागांनी वर कळवले.

मग वरून प्रश्न आला: केबल चालते, तर बाई कशाला? बाई डबा आवरू लागल्या. दोन्ही साडूंनी त्यांना थांबवले, बाई गेल्या तर एकमेकांशी बोलावे लागणार! त्यांनी प्रथमच एकमताने (बाईंकरवी) तोडगा काढला. माणसांची भरती बंद होती, साहित्याची नव्हती. बाईंना ‘केबल’ म्हणून कायम करण्यात आले.

पुढची देखभाल माहितीपुस्तिकेबरहुकूम झाली. आकडे अडले, की केबल काढून पुन्हा लावावी. म्हणून बाईंना उठवून परत बसवत. (दहापैकी नऊ वेळा गुण येई. दहाव्या वेळी बाई उठतच नसत.) केबल उष्णतेपासून जपावी, म्हणून त्यांना पंखा मिळाला. पंधरा मीटरपलीकडे नेऊ नये, म्हणून माहेरची रजा नामंजूर.

“माणूस होते तेव्हा एवढी विचारपूस नव्हती हो,” बाई म्हणत.

पुढे थोरले निवृत्त झाले. धाकट्यांना ‘उत्कृष्ट संवाद’ म्हणून ढाल मिळाली. गेज एकदाही न बोलता भंगारात गेले. बाई ‘जुनी झाल्याने बदलली’ अशा शेऱ्यानिशी, पण पेन्शन घेऊन घरी गेल्या.

हसू आले असेल तर हसून घ्या. मग एवढेच सांगा: “त्यांना म्हणावं, पान वाढलंय,” हा निरोप स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत नेणाऱ्या तुमच्या सूनबाईंना कायम केलेत, की अजून रोजंदारीवरच आहेत?