चाळीस फूट तार

दोन खात्यांच्या सिग्नल-पेट्यांमध्ये चाळीस फूट अंतर असेल, तर ते तारेने नव्हे, समितीने भरून काढायचं असतं.

नेब्रास्कातल्या डोव्हर क्रीकमध्ये रेल्वेचं फाटक आणि पुढच्या चौकातला सिग्नल यांच्यात तेवढंच अंतर आहे. फाटक रेल्वेचं, सिग्नल राज्याचा. आगगाडी आली की फाटक पडतं. सिग्नलला कोणी कळवत नाही, तो आपला लाल. मध्ये एक तार जोडली, तर सिग्नल आधीच हिरवा होऊन रुळावरची वाहनं निघून जातील, यावर सर्वांचं एकमत आहे. एकमत असल्यामुळेच अकरा वर्षांत घाई करावी लागलेली नाही. (बैठका बावीस, जर्दाळू भरलेले 'कोलाचे' नावाचे गोड पाव साडेपाचशे, तार शून्य फूट.)

या प्रगतीत अडथळा एकच, शाळेची बस चालवणारी वर्ना ह्रूष्का. कायद्याप्रमाणे ती रुळाअलीकडे बस थांबवते, दार उघडते, "गप्प बसा रे!" म्हणून एक्केचाळीस मुलांना दटावते आणि कानोसा घेते. मग रूळ ओलांडते, तर पुढे सिग्नल लाल आणि बसची मागची बाकं रुळावरच.

यंदा जाहीर सुनावणी ठरली. दहा नागरिक आले तर तार मंजूर, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. वर्नाने समितीचे सचिव डेल टिमरमन यांना फोन लावला.

"डेल, मंगळवारी तीन वाजता? तीनला मी कुठे असते?"

"बसमध्ये, मिसेस ह्रूष्का."

"आणि बस?"

"रुळावर. पण वेळ छापून गेली हो."

"तू माझ्याच बसने शाळेत जायचास. शेवटच्या बाकावर बसून."

"तेव्हा भीती नाही वाटली कधी. तुम्ही होतात ना!"

(इतिवृत्तात नोंद: 'सुरक्षेचा पूर्वानुभव समाधानकारक.')

वर्नाने घरोघरी जाऊन सांगितलं. सगळे "नक्की येतो" म्हणाले. मंगळवारी साठ खुर्च्या मांडल्या, आलं कोणीच नाही. दहा मिनिटं वाट पाहून समितीने 'नागरिक समाधानी' असा निष्कर्ष काढला आणि कोलाचे संपवले.

नागरिक निघाले होते, हे मात्र खरं. बरोब्बर तीनला ते सगळे वर्नाच्या बसमागे अडकले होते. ती दार उघडून आगगाडीचा आवाज ऐकू पाहत होती, आणि सुरक्षेच्या सुनावणीला उशीर होतो म्हणून मागून चौदा मोटारी हॉर्न वाजवत होत्या. त्या गोंगाटात तिला काहीच ऐकू येईना, म्हणून ती जागची हलेना.

तुम्ही तिथे असता तर हॉर्नला हात लावला नसता, याबद्दल समितीला तिळमात्र शंका नाही. काल तुमच्या चौकात सिग्नल हिरवा व्हायच्या आत ज्याने वाजवला, तो दुसराच कोणीतरी होता.