फोनवर खोकलेली गाडी

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर एकही शहाणा माणूस विश्वास ठेवणार नाही!" नानांनी बजावलं. "म्हणून तर तुम्हाला सांगतोय!"

समोर तीन माणसं होती. जुन्या गाड्यांचा दलाल, खुर्चीच्या टोकावर, खिशात नोटा घेऊन. लेक, मांडीवर दुरुस्तीच्या बिलांचा गठ्ठा घेऊन. आणि माई, म्हणजे नानांचं कुटुंब, जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत.

आणि दाराबाहेर ती. एकोणीस वर्षांची, चार दरवाज्यांची. त्यातले उघडायचे दोन, एक आतून आणि एक बाहेरून. काच खाली घसरू नये म्हणून कपड्यांचा चिमटा. सकाळी किल्ली फिरवली की आधी खोकायची, मग थोडा विचार करायची, मग शेजाऱ्यांना ढकलायला बोलवायची. या एका वर्षात रेडिएटर झाला, क्लच झाला, सायलेन्सर झाला आणि हौस फिटली नाही म्हणून पुन्हा रेडिएटर झाला! लेकीचं म्हणणं साधं होतं : गाडीच्या किमतीपेक्षा औषधपाणी जास्त. आज सौदा करून टाकायचा.

नानांचा जीव त्या गाडीत अडकलेला. पण बिलांच्या गठ्ठ्यापुढे जीव कोण मोजतो? त्यांच्याजवळ हत्यार एकच होतं. तोंड!

"या गाडीनं मला मरणाच्या दारातून ओढून आणलंय," नाना म्हणाले. "गेल्या गुरुवारी दुपारी!"

माईचे हात थांबले. नानांना वाटलं, मात्रा लागू पडली.

"चढावर गाडी खरखरायला लागली. बाजूला घेतली तर समोर दवाखाना. मी मिस्त्रीला फोन लावला."

आता या मिस्त्रीची एक पद्धत होती, आणि ती मात्र शंभर टक्के खरी. तो उठून गाडी बघायला कधी यायचा नाही. आधी गिऱ्हाइकानं फोनवर गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा. तो ऐकून नेमका पाना घेऊनच तो निघायचा. एकोणीस वर्षांच्या रियाजानं नाना इतके तयार झाले होते की बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय, हा फरक ते नुसत्या घशातून दाखवत.

"ऊन मी म्हणत होतं, म्हणून दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहिलो आणि सुरू केलं. खर्रर्र! खट्! खट्! हुईईई... फुस्स!"

दलाल दचकून उभा राहिला. लेकीनं पाण्याचा ग्लास पुढे केला.

"बघा! तुम्ही घरात घाबरलात, तिथे तर नर्स होती! मागून धरून मला चाकाच्या खुर्चीत घातलंन्. मी म्हणतोय, 'अहो बाई, हा आवाज माझा नाही, गाडीचा आहे!' ती म्हणते, 'हो हो आजोबा, गाडीचाच. आता बोलू नका.' आणि आत ओरडली, 'डॉक्टर, पेशंट बरळायला लागलाय!'"

"आणि फोन?" दलालानं विचारलं.

"हातातच! चालूच! तोंडाला ऑक्सिजन लावला, फुस्स्स! तिकडून मिस्त्री म्हणतो, 'नाना, पाइप फाटला! गाडी बंद करा!' मग छातीला वायरी लावल्या. मशीन लागलं टीं टीं करायला. मिस्त्री म्हणाला, 'नाना, तुमच्या गाडीत टीं टीं करणारं काही शिल्लकच नव्हतं. हे काम महागात जाणार. पंचवीस हजार धरून चला!' पंचवीस हजार ऐकून माझी छाती धडधडायला लागली, तशी मशीन टींटींटींटीं! मिस्त्री म्हणाला, 'आता तीस!'"

"अरे देवा!" लेक म्हणाली.

"डॉक्टर धावत आले. तपासतात तर काय! हृदयाजवळची नळी खरोखरच तुंबलेली. मुंगी आडवी जाईल एवढीच वाट! म्हणाले, 'आजोबा, आठवडाभर उशीर केला असतात तर संपलंच होतं. कुणी आणलं तुम्हाला?' मी खिडकीतून बोट दाखवलं. ती उभी होती उन्हात, बॉनेट उघडं टाकून, वाफा सोडत. डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप उतरवला आणि तिला नमस्कार केला! चार वाजता नळी साफ, पाच वाजता मी घरी. आणि पैसे घ्यायला तयार नाहीत. म्हणाले, 'गाडीला एक नवा पाइप घाला, माझी फी पोचली!'"

लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दलालानं नाक शिंकरलं. "आमचे वडील असेच अचानक गेले हो," तो म्हणाला. "आमची गाडी चांगली होती ना! कधी बंदच पडली नाही!" आणि खिशातल्या नोटा आणखी खोल सारल्या.

नानांनाही भरून आलं, आणि त्या भरून येण्यात खोट नव्हती. लेक याच गाडीतून शाळेत गेली, तापानं फणफणलेली मागच्या सीटवर झोपून घरी आली, पहिल्या नोकरीवर रुजू झाली. गाडी वाटेत थांबली असेल. पण सोडून कधी गेली नाही. पण हे सांगितलं असतं तर लेक म्हणाली असती, "ते सगळं खरं बाबा, पण क्लचचं काय?"

लेकीनं बिलांचा गठ्ठा टराटरा फाडला. नाना मनात म्हणाले, जिंकलो!

तेवढ्यात ती माईकडे वळली. "आई! बाबा मरता मरता वाचले आणि तू मला एक फोन केला नाहीस? नवरा दवाखान्यात आणि तू होतीस कुठे?"

नानांनी माईला डोळ्यांनी खुणा केल्या. हात जोडले. पण चाळीस वर्षं नवऱ्याच्या थापा पचवलेल्या बाईला एक गोष्ट पचणार नव्हती : लेकीनं निष्काळजी म्हणणं. मटारचं ताट तिनं धाडकन बाजूला सारलं.

"कसला दवाखाना आणि कसली नळी! गुरुवारी दोन ते पाच हे याच सोफ्यावर घोरत पडले होते! आणि गाडी यांच्याकडे होती कुठे? गाडी मी नेली होती! सहा महिने झाले, दर गुरुवारी नेते! मिस्त्रीनंच चालवायला शिकवलंय मला. एकसष्टाव्या वर्षी, कुणाच्या विनवण्या न करता, मला हवं तिथे नेते ती मला. कुणी विकून तर बघा! आणि चढावर ती जरासुद्धा खरखरत नाही. उगाच तिच्या नावावर काहीबाही खपवू नका!"