यंत्र येऊन राहिलं

मोबाईलचं ॲप कसं दिसावं हे अमरावतीत आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं दानियालचं ठाम मत होतं. अमरावतीनं त्याला अजून विचारलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

आता तिवस्याच्या शेतकरी गटाला थ्रेशर भाड्यानं बोलवायचं ॲप हवं होतं. हे काम गेलं तर ॲप बनवायच्या दुकानाला कुलूप, हे त्याला आणि त्याच्या भागीदार असलेल्या मोठ्या बहिणीला, यास्मीनला, दोघांनाही ठाऊक होतं. आधी नमुना दाखवायचा होता. नमुना म्हणजे नुसता देखावा. बटण दाबलं की पुढचं चित्र येतं, मागं ना यंत्र ना ड्रायव्हर.

"कागदावर काढ," यास्मीन म्हणाली. "पुठ्ठ्याची बटनं लाव. लोकायले समजते."

"आपा, पुठ्ठा पाहून हसतीन ना लोक."

नमुने बनवायची सॉफ्टवेअरं त्यानं नवरी पाहावी तशी पाहिली. एक नेटशिवाय उघडेना. दुसऱ्यातली चित्रं देखणी, पण दाबली तरी ढिम्म. तिसरं मात्र असं, की खऱ्या ॲपनं खाली मान घालावी. तेच घेतलं, आणि त्यात 'यंत्र येतंय'ऐवजी अस्सल वऱ्हाडी मजकूर टाकला: 'यंत्र येऊन राहिलं.'

गटाचे अध्यक्ष खुशालराव यांच्या मोबाईलवर त्यानं नमुना चढवला. हे नुसतं दाखवायचं आहे, असं सांगितलंही. पण तेव्हा खुशालराव बटण दाबण्यात गुंग होते.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "दानियालभाऊ, यंत्र कुठी हाय?"

"कोणतं यंत्र?"

"मी बोलावलं थे. परवापासून येऊन राहिलं."

"मंग परवाच काहून नाही विचारलं, काका?"

"येऊन राहिलं म्हणते ना बापा. त्यात काय विचारा लागते?"

बरोबरच होतं. वऱ्हाडात 'येऊन राहिलो' म्हणणारा माणूस अजून आंघोळीलाही गेलेला नसतो, आणि वाट पाहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण आधी ठरवलेलं थ्रेशर खुशालरावांनी परत पाठवलं होतं, सोयाबीनची गंजी उघडी होती आणि आभाळ भरून आलं होतं.

दानियालनं दोन जिल्हे पालथे घातले. अखेर मूर्तिजापुरात एक थ्रेशर मिळालं, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून तो स्वतःच ते तिवस्याला घेऊन आला. शेवटचं पोतं शिवलं तरी पाऊस दम धरून होता.

"काम तुमालेच," खुशालराव म्हणाले. "बटन दाबलं का मालकच यंत्र घेऊन येते, असं ॲप कुठी पाह्यलं नाही."

भुशानं माखलेल्या दानियालचा जीव भांड्यात पडला.

"म्हून मी थे गावच्या ग्रुपवर टाकलं. समद्यायनं दाबलं."

तेवढ्यात यास्मीनचा फोन. "कुठी हायेस? पुठ्ठा आणून ठेवला मी."

दानियालनं गावभरच्या गंज्यांकडे एकदा पाहिलं.

"येऊन राहिलो, आपा," तो म्हणाला.