बंधू निर्मळची साक्ष

एका जंगलात, बाळांनो, मेंढरांची एक भाविक मंडळी राहायची. दर रविवारी ती उंबराखाली जमायची, गाणी म्हणायची आणि डोळे मिटून प्रार्थना करायची. जंगलात राहणाऱ्या मेंढराने डोळे मिटू नयेत, हे तुम्हाआम्हाला कळतं. पण आपण कुठे एवढे भाविक आहोत!

या मंडळीत मार्था नावाची मेंढी होती. तिला दोन कोकरं. एक दिवस थोरलं ओढ्यावर पाणी प्यायला गेलं आणि लांडग्याने ते खाल्लं.

त्याच रविवारी लांडगा उंबराखाली आला. तोंडाला अजून लोकर चिकटलेली. ढसाढसा रडला. म्हणाला, "मी महापापी आहे! मला तारा!"

मंडळीचे पाळक म्हणजे एक वयस्कर एडका. त्यांचे डोळे भरून आले. आजवर त्यांनी नुसती मेंढरंच तारली होती, आणि त्यात कसला आलाय पराक्रम? त्यांनी लांडग्याला त्याच ओढ्यात बुडवून बाप्तिस्मा दिला आणि त्याचं नाव ठेवलं बंधू निर्मळ.

"पाळकसाहेब, आणि माझं लेकरू हो?" मार्थाने विचारलं.

"त्याच्यासाठीही प्रार्थना करू. पण आज स्वर्गात आनंद चाललाय, मार्थाबाई. रडून त्यावर विरजण घालू नका."

आता या मंडळीची एक रीत होती. प्रार्थनेनंतर कुणीतरी उभं राहून साक्ष द्यायची. मी किती वाईट होतो आणि देवाने मला कसं उचललं, ते सांगायचं. मेंढरांच्या साक्षी म्हणजे अगदी मिळमिळीत. कुणी शेजारणीचा पाला खाल्लेला, कुणी प्रार्थनेत डुलकी काढलेली. निर्मळने साक्ष दिली तेव्हा मात्र सगळ्यांच्या अंगावर काटा आला. पहिला घास कुठून घेतला, कोकरू कसं ओरडलं, काही म्हणून त्याने लपवलं नाही. मेंढरं हुंदके देत "आमेन" म्हणाली. मार्थाने "आमेन" म्हटलं नाही, आणि तेवढं मात्र सगळ्यांनी बरोबर पाहिलं.

पुढे साक्ष शिळी झाली. लोक जांभया द्यायला लागले. मग निर्मळने आणखी एका मेंढीचं कोकरू खाल्लं आणि ताजी साक्ष दिली.

"याचं तारण झालंय ना?" मार्थाने विचारलं. "मग हा अजून कोकरं कशी खातो?"

"देह दुबळा असतो, बाई. तारण विश्वासाने होतं, कर्माने नाही. आणि त्याचा विश्वास बघा केवढा! खाल्लं की लगेच धावत येतो."

"मी जन्मभर गवत खाल्लं. कुणाला दात लावला नाही. त्याचं काय?"

"हा गर्व झाला," पाळक खिन्न होऊन म्हणाले. "मला तुमचीच काळजी वाटते."

धाकट्या कोकराची काळजी मात्र कुणालाच वाटत नव्हती. उलट पाळकांनी जाहीर केलं की, लेकरांची रविवारची शाळा यापुढे बंधू निर्मळ घेतील. पापाची खडान्‌खडा माहिती त्यांच्याइतकी आहे कुणाला? वर्ग त्यांच्या गुहेत भरेल.

मार्थाने धाकट्याला पुढे घातलं आणि तडक टेकडीपलीकडचं गव्यांचं कुरण गाठलं. गवे ना प्रार्थना करायचे, ना गोड बोलायचे. त्यांची म्होरकी एवढंच म्हणाली, "लांडगा मागं लागलाय? मग पोराला घेऊन मधी उभी ऱ्हा."

इकडे उंबराखाली हळहळ झाली. "आपलं एक मेंढरू हरवलंय," पाळक गदगदून म्हणाले. "त्याला शोधून परत कोण आणील?"

"मी जातो," बंधू निर्मळ म्हणाला आणि ओठ चाटले.

काय हे प्रेम! मंडळीने गाणं म्हणत त्याला निरोप दिला.

कुरणावर पोचून निर्मळने मान लववली. "मार्थाताई, घरी चल. मी तुला क्षमा केलीय."

"कशाची रे मेल्या?"

"माझ्यावर राग धरलास, त्याची."

बोलता बोलता तो कोकराच्या दिशेने सरकला. म्होरकीने त्याला शिंगावर घेऊन असा भिरकावला की, मागचा पाय मोडला.

लंगडत परतलेल्या निर्मळला पाहून मंडळी कळवळली. विश्वासासाठी मार खाल्ला बिचाऱ्याने! पाळकांनी त्याला मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी पंच, नेमलं. आता त्याला धावता येईना, म्हणून रविवारची शाळा रोज भरवायचं ठरलं.

टेकडीपलीकडे मार्थाला त्यांची गाणी ऐकू यायची. त्यांत कोवळे आवाज दिवसेंदिवस कमी होत गेले. मग एका रविवारी एकच जाडाभरडा आवाज एकटा गात होता, आणि तो एडक्याचा नव्हता.

तात्पर्य : स्वर्गात जायचं असेल, तर बाळांनो, आधी पोटभर पाप करावं आणि मग मनापासून रडावं. नुसतं जिवंतच राहायचं असेल, तर मात्र एखादी नास्तिक, पण शिंगं असलेली शेजारीण गाठावी.