मेथी काय म्हणत्या?

समस्त करवीरकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, शाहूपुरीतल्या एका माडीवर राहणाऱ्या आमच्या दादा इंगवल्यांकडे बारा महिने पाहुण्यांची गर्दी असते. हे पाहुणे चहा घेत नाहीत, बोलत नाहीत आणि तब्येत बिघडली की पिवळे पडतात. कारण ते वनस्पती तुपाचे रिकामे डबे आहेत. डब्यात माती, मातीत मेथी.

माती तपासायच्या कचेरीत दादा नमुने गोळा करायचे, मी नकाशे काढायचो. नमुना आला की निम्मा प्रयोगशाळेत जायचा, निम्मा दादांच्या डब्यात. पुढं साहेबांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "थांबा की. मेथी काय म्हणत्या बघू." प्रयोगशाळेचा कागद बहुतेक वेळा मेथीसारखाच निकाल द्यायचा, पण दादांना कागदाशी गप्पा मारता येत नसत.

एसटीत डबा त्यांच्या मांडीवर. एकदा कंडक्टर खेकसला, "ओ पावणं, डबा खाली ठेवा!" दादा शांतपणे म्हणाले, "पावणं मी न्हवं. पावणं ह्ये." आणि कुणी जेवायचा आग्रह केला की हात जोडायचे, "नगं. घरी पावणं हाईत, वाट बघत असतील."

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. नेसरीकडच्या एका गावात कातडी कमावायचा कारखाना बंद पडला होता. मालक गेला, हौद राहिले. हौदांत निळसर-हिरवं पाणी आणि नाकातनं थेट डोक्यात शिरणारा वास. ती जागा ओढ्याकाठच्या झोपड्यांतल्या लोकांना घरांसाठी द्यायचं चाललं होतं. माती बरी आहे एवढं आम्ही म्हणायचं, की काम सुरू.

घरांच्या यादीत पहिलं नाव हौसाबाईचं. ओढा फुगला की तिची चूल विझायची. तिनं आल्या आल्या दादांना बजावलं, "लवकर व्हय म्हणून टाका. न्हाय म्हणायला लोक लई हाईत."

दादांनी जागेतल्या निरनिराळ्या कोपऱ्यांची माती डब्यांत भरली, खुणा केल्या, मेथी पेरली आणि डबे चावडीत मांडले. पाणी घालायचं काम हौसाबाईकडं.

महिन्यानं गेलो तर काय! मेथी डब्याबाहेर लोंबत होती. सरपंच नारळ घेऊनच उभे. "बघा, जमीन न्हाय, सोनं हाय!"

दादांनी एक डबा हातावर पालथा केला. मुळांतनं एक जाडजूड गांडूळ, सासुरवाडीला आल्यागत, आळोखेपिळोखे देत बाहेर आलं. दादांनी ते तळहातावर घेतलं आणि अदबीनं म्हणाले, "तुम्ही हितलं न्हवं पावणं. तुम्ही उकिरड्याकडचं."

चावडीतल्या सगळ्यांना एकदम आढ्याकडं बघावंसं वाटलं. मग हौसाबाईचा आवाज फुटला. "मीच बदलली माती, मेथी बी परत पेरली! तुमची मेथी उगवली आन् पिवळी पडून मराय लागली. तिच्यापायी माझं घर का म्हणून मरावं?"

आता दादा भडकणार म्हणून मी सरसावून बसलो. त्यांनी गांडूळ सावलीत सोडलं आणि विचारलं, "कुठल्या डब्यांतली पिवळी पडली?"

"हौदाखालच्या."

"आन् वरच्या अंगाच्या?"

"त्या बऱ्या हुत्या की. पर एकीला शेणखत घालायचं आन् दुसरीला उपाशी ठेवायचं, कसं दिसतंय ते?"

म्हणजे निकाल हाती आला होता, आणि बाईनं तो पाहुणचारात बुडवला होता! दादा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग पुन्हा माती, पुन्हा डबे. साहेबांनी पाठवलं नाही तरी दादा दर रविवारी पदरच्या तिकिटानं तिकडं जायचे. वरच्या अंगाची मेथी हिरवीगार राहिली, कागदानंही तेच सांगितलं. मी नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या वर घरं, पाणी गावच्या विहिरीचं. खाली हौद उपसून घाण बाहेर न्यायची, कुंपण घालायचं, कुणी काही पेरायचं नाही. जागा आखडल्या, लोक कुरकुरले. पण हौसाबाईच्या भिंती उभ्या राहिल्या.

घरभरणीला आम्ही दोघं गेलो. दादांनी मेथीचा एक डबा तिच्या हातात दिला आणि उंबऱ्यावरूनच फिरले.

"जेवून जावा की."

"नगं. घरी पावणं हाईत."

ते अंगणात उतरले. हौसाबाईनं मला विचारलं, "सदानकदा कोण ओ एवढं पावणं ह्यांच्याकडं?"

आमच्या कचेरीतला हा हुकमी विनोद. मी रंगवून सांगितला: बायको जाऊन किती वर्षं झाली, मूलबाळ नाही, माडीवर नुसते डबे, आणि हा माणूस त्यांना पेपर वाचून दाखवतो! आता ती हसणार म्हणून मी थांबलो.

ती हसली नाही. अंगणात दादा वाकून पायताण घालत होते. त्या पायताणाला इतका वेळ लागायचं काही कारण नव्हतं. हौसाबाई हातातल्या डब्यासकट उंबऱ्यावर आली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"ओ दादा! घरात वाट बघणारं कुणी न्हाय म्हणून डबं पाळल्यात व्हय? मागं फिरा! ताट वाढलंय!"